बृहदांत्रदर्शन : इतिहास

गुदद्वारातून लवचीक नलिकाकार उपकरण आत सरकवून संपूर्ण बृहदांत्राची (मोठ्या आतड्याची) आतील बाजू प्रत्यक्ष पाहण्याच्या परीक्षापद्धतीस बृहदांत्रदर्शन (कोलोनोस्कोपी) असे म्हणतात. बृहदांत्राची लांबी सुमारे दीड मीटर असून तपासणीचे उपकरण बोटाएवढ्या जाडीचे व आतड्याहून थोडे अधिक लांब असते. त्याच्या टोकाशी प्रकाश व प्रतिमा टिपण्याची योजना असते आणि आतील पोकळ मार्गातून चिमटा, तारेचा फास इ. साधने आत घालता येतात. त्यामुळे रोगाचे निदान व काही प्रमाणात उपचार एकाच वेळी करता येतात.

या परीक्षेच्या इतिहासाला दोन बाजू आहेत. एक बाजू उपकरणाच्या सुधारणेची व दुसरी रुग्णाच्या निर्णयाची होय. ही तपासणी करून घ्यावी की नाही आणि घ्यावयाची झाल्यास शामक (चित्त शांत करणारे व गुंगी आणणारे) औषध घेऊन की त्यावाचून, हे दोन प्रश्न रुग्णापुढे नेहमीच उभे राहतात. या प्रश्नांची उत्तरे काळानुसार आणि देशानुसार बदलत गेली आहेत. हा बदल केवळ वेदनेच्या तीव्रतेमुळे घडलेला नसून उपकरणाची घडण, औषधांची उपलब्धता, रुग्णालयांची व्यवस्था व लोकांच्या अपेक्षा यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : शरीराच्या पोकळ्यांत प्रकाश नेऊन आत पाहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रँकफुर्ट येथील वैद्य फिलिप बोत्सिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केला. त्यांच्या ‘प्रकाशवाहक’ उपकरणात मेणबत्तीचा प्रकाश आरशाच्या साहाय्याने नळीतून आत पाठविला जाई. १८५३ मध्ये पॅरिस येथे आंत्वान झां देझोर्मो यांनी अल्कोहॉल व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरून असेच उपकरण पुढे आणले. या दोन्ही साधनांचा उपयोग मुख्यतः मूत्रमार्ग व त्यासारख्या सरळ व जवळच्या पोकळ्यांपुरता मर्यादित राहिला.

ताठ नळी वाकड्या अवयवात कशी न्यावयाची, ही खरी अडचण होती. १८६८ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमौल यांनी जठरदर्शनाचा प्रयोग तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका इसमावर केला. घसा व अन्ननलिका एका रेषेत धरण्याची सवय असलेल्या माणसाची निवड करावी लागली, यावरून त्या काळी उपकरण रुग्णास जुळवून घेत नसून रुग्णालाच उपकरणाशी जुळवून घ्यावे लागे, हे दिसून येते. पुढे अनेक वर्षे अंतर्दर्शनाच्या शाखेत ही परिस्थिती फारशी बदलली नाही.

बृहदांत्राच्या बाबतीत बॉल्टिमोर येथील हॉवर्ड केली यांनी १८९५ मध्ये महत्त्वाचे पाऊल टाकले. रुग्णास गुडघे व छाती टेकवून ओणवे केल्यास हवा आपोआप आत शिरून गुदाशय फुगतो, या तत्त्वाचा उपयोग करून त्यांनी ताठ धातूच्या नळ्यांनी गुदाशय व अवग्रहाकार बृहदांत्र (गुदाशयाच्या वरचा, अवग्रहाच्या चिन्हासारखा वळलेला भाग) यांचे परीक्षण केले. प्रकाश कपाळावरील आरशाने परावर्तित करून आत टाकला जाई. पुढे नळीतच विजेचा लहान दिवा बसविण्यात आला, तरी ताठ नळी २५ सेंमी.च्या पलीकडे क्वचितच जाई. आतड्याच्या पहिल्याच मोठ्या वळणाशी वेदना सुरू होत आणि तेथेच परीक्षा थांबे. उरलेल्या आतड्यासाठी बेरियमाचा बस्ती देऊन क्ष-किरण चित्रे घेणे एवढाच मार्ग होता. त्यात अर्बुद (पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेली गाठ) दिसले, तर पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यावाचून गत्यंतर नसे.

लवचीक तंतुदर्शक : काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९३० मध्ये जर्मनीतील हाइन्रिख लाम यांनी दाखविले होते. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स व नरिंदर सिंग कपानी यांनी आणि स्वतंत्रपणे नेदर्लंड्समधील आब्राहम व्हान हील यांनी या विषयावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपानी (१९२६–२०२०) यांचा जन्म पंजाबातील मोगा येथे झाला होता. भारत सरकारने त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब दिला.

प्रतिमा वाहताना तंतूंतून प्रकाश बाहेर झिरपत असे. मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोव्हिट्झ, विल्बर पीटर्स आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले लॉरेन्स कर्टिस यांनी ही अडचण दूर केली. १९५६ च्या अखेरीस कर्टिस यांनी निराळ्या काचेचे वेष्टन असलेला तंतू तयार केला आणि १९५७ च्या आरंभी हिर्शोव्हिट्झ यांनी नवे जठरदर्शक प्रथम स्वतःच्याच घशातून खाली उतरविले. नव्या उपकरणाचा त्रास किती होतो हे रुग्णाच्या आधी स्वतः अनुभवण्याचे हे उदाहरण अंतर्दर्शनाच्या इतिहासात लक्षणीय मानले जाते.

संपूर्ण बृहदांत्र आरंभापासून अंतापर्यंत पाहण्याचा प्रयत्न १९६५ मध्ये सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे लुचानो प्रोव्हेंत्साले व आंतोन्यो रेव्हिन्यास यांनी यशस्वी केला. रुग्णास एक बारीक लवचीक नळी गिळावयास देण्यात आली. ती संपूर्ण पचनमार्गातून जाऊन गुदद्वारातून बाहेर आल्यावर तिच्या टोकास जठरदर्शक बांधून ते कप्पीच्या साहाय्याने वर ओढून घेण्यात आले. ही पद्धत व्यवहार्य नव्हती, परंतु बृहदांत्राच्या सर्व वळणांतून लवचीक उपकरण नेता येते, हे तिने सिद्ध केले. त्यानंतर अमेरिका व जपान येथे टोक चारही दिशांना वळविता येणारी खास उपकरणे तयार झाली आणि अंधनालापर्यंत (लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तेथील पिशवीसारख्या भागापर्यंत) खालून वर जाणे शक्य झाले.

१९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी उपकरणातून तारेचा फास आत नेऊन व तारेतून विद्युत् प्रवाह सोडून बृहदांत्रातील पॉलिप (श्लेष्मकलेवर म्हणजे आतील बुळबुळीत अस्तरावर कोंबासारखी उगवणारी वाढ) पोट न उघडता काढून टाकले. या घटनेने परीक्षेचे स्वरूप पालटले. याच सुमारास लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील बेसिल मॉर्सन व त्यांचे सहकारी यांनी बहुसंख्य कर्करोग आधीच्या निरुपद्रवी ग्रंथ्यर्बुदापासून (ग्रंथिमय पॉलिपपासून) अनेक वर्षांच्या अवधीत उद्भवतात, हे विकृतिवैज्ञानिक पुराव्याने मांडले. पॉलिप काढला म्हणजे भावी कर्करोगच काढला, ही कल्पना या दोन गोष्टींच्या संयोगातून निर्माण झाली. पुढे १९८३ मध्ये टोकाशी इलेक्ट्रॉनीय प्रतिमाग्राहक असलेले उपकरण अमेरिकेत तयार झाले व नेत्रिकेतून एकट्याने पाहण्याऐवजी पडद्यावर सर्वांना पाहता येऊ लागले. रुग्णालाही स्वतःचे आतडे पाहणे त्यामुळे शक्य झाले.

आतड्याची पूर्वतयारी : आतडे पूर्ण स्वच्छ नसल्यास परीक्षा निरर्थक ठरते. प्रारंभी एरंडेल व वारंवार बस्ती यांचा वापर होई. त्यानंतर मॅनिटॉल या शर्करासदृश द्रव्याचा उपयोग होऊ लागला. परंतु आतड्यातील सूक्ष्मजंतू त्यापासून हायड्रोजन वायू निर्माण करतात. १९७९ मध्ये फ्रान्समधून विद्युत् फासाच्या ठिणगीने आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये अमेरिकेत पॉलिएथिलीन ग्लायकॉल व क्षार यांचा विद्राव सुचविण्यात आला. तो आतड्यात शोषला जात नाही, स्फोटक वायूही निर्माण करीत नाही, मात्र मोठ्या प्रमाणात प्यावा लागतो. अनेक रुग्णांना प्रत्यक्ष तपासणीपेक्षा आदल्या रात्रीची ही तयारीच अधिक त्रासदायक वाटते.

वेदनेची कारणे : बृहदांत्राची श्लेष्मकला कापली, चिमटली किंवा विजेने जाळली तरी सामान्यतः वेदना होत नाही. त्यामुळे पॉलिप काढताना किंवा परीक्षणासाठी ऊतकाचा तुकडा घेताना रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. वेदना ताणामुळे होते. अवग्रहाकार बृहदांत्र पोटात सैल लोंबकळत असते. मागून रेटा दिल्यावर उपकरण पुढे जाण्याऐवजी तेथे वेटोळे होते आणि आतड्यास धरून ठेवणारा आंत्रबंध (पोटाच्या मागील भिंतीस आतडे जोडणारा पडदा) ताणला जातो. दुसरे कारण म्हणजे मार्ग दिसावा म्हणून आत भरलेली हवा. तिच्यामुळे आतडे फुगून मुरडा आल्यासारखी कळ येते. उपकरण मागे ओढून व पीळ देऊन वेटोळे सोडविले, की कळ बहुधा लगेच ओसरते. आत जाण्याचा काळच त्रासाचा असतो. निरीक्षण मुख्यतः बाहेर येताना केले जाते व तो भाग सहसा सुसह्य असतो.

वेदनेचे प्रमाण सर्वांत सारखे नसते. स्त्रिया, सडपातळ व्यक्ती, गर्भाशय काढण्यासारख्या कटिराच्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि मनात फार भीती बाळगणारे यांना ती अधिक होण्याचा संभव असतो. तपासणाऱ्याचे कौशल्य हा या सर्वांहून महत्त्वाचा घटक होय.

शामकांचा प्रवेश : ताठ नळीने होणारी परीक्षा काही मिनिटांची असल्याने ती सामान्यतः शामकाविना होत असे. संपूर्ण बृहदांत्राची परीक्षा आरंभी बराच वेळ घेई व वेटोळ्यांचा ताणही अधिक असे. याच सुमारास योग्य औषधेही हाताशी आली होती. पेथिडीन हे वेदनाशामक दुसऱ्या महायुद्धापूर्वीच जर्मनीत शोधून काढण्यात आले होते व १९६३ पासून डायाझेपाम उपलब्ध झाले. या दोहोंचे नीलेतून अंतःक्षेपण (इंजेक्शन) करून तपासणी करण्याचा प्रघात पडला. १९८० नंतरच्या दशकात मिडॅझोलाम प्रचारात आले. त्याचा परिणाम लवकर होतो आणि तपासणीच्या काळातील स्मृती बऱ्याच अंशी पुसली जाते. परंतु ते डायाझेपामापेक्षा बरेच प्रभावी असल्याचे पुरेसे ध्यानात न घेतल्याने आरंभी श्वसन मंदावून मृत्यू घडले. त्यानंतर मात्रा कमी करण्यात आल्या. रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण सतत दाखविणारे यंत्र बोटास लावण्याची पद्धत रूढ झाली आणि मिडॅझोलामाचा परिणाम उलटविणारे फ्ल्यूमॅझेनिल हे औषधही मिळू लागले.

प्रोपोफॉल हे शुद्धिहारक ब्रिटनमध्ये १९८६ साली व अमेरिकेत १९८९ साली वापरात आले. त्याने रुग्ण काही क्षणांत गाढ झोपतो व तपासणी संपताच लवकर जागा होतो. तथापि त्याचा परिणाम उलटविणारे औषध नाही आणि श्वसनावर लक्ष ठेवण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकविसाव्या शतकात या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला व जागेपणी बृहदांत्रदर्शन होऊ शकते, ही गोष्टच तेथील पुष्कळ रुग्णांच्या ऐकिवात राहिली नाही.

शामकाचा अर्थ किती गंभीर आहे, याची साक्ष अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तपासण्या देतात. रोनाल्ड रीगन यांच्या बृहदांत्रात जुलै १९८५ मध्ये मोठे अर्बुद आढळले व दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या वेळी सुमारे आठ तास अधिकार उपराष्ट्राध्यक्षांकडे होते. ते अर्बुद कर्करोगाचे निघाले. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २९ जून २००२ व २१ जुलै २००७ रोजी केवळ बृहदांत्रदर्शनासाठी प्रत्येकी सुमारे दोन तास अधिकार सोपविले. जो बायडेन यांच्या अशाच तपासणीच्या वेळी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटे राष्ट्राध्यक्षांचे अधिकार होते. हे अधिकारांतर रोगामुळे नव्हे, तर शुद्धिहरणामुळे आवश्यक झाले होते.

निरोगी व्यक्तींची तपासणी : १९७० नंतरच्या दोन दशकांत बृहदांत्रदर्शन मुख्यतः रक्तस्राव, दीर्घकालीन अतिसार, पांडुरोग अशा लक्षणांसाठी केले जाई. आजारी माणसाच्या दृष्टीने निर्णय तुलनेने सोपा असतो. कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीने ही परीक्षा करून घ्यावी काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कारण तिला होणारा त्रास व धोका निश्चित आजच्या दिवसाचा, तर लाभ अनिश्चित व दूरचा असतो.

या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. १९९३ मध्ये सिडनी विनावर व सहकाऱ्यांनी पॉलिप काढलेल्या १,४१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षेच्या तुलनेत त्यांच्यातील बृहदांत्र-गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्यात यादृच्छिक रीतीने निवडलेला व तपासणी न झालेला तुलनागट नव्हता. त्याच वर्षी मिनेसोटातील यादृच्छिक चाचणीने मलातील गुप्त रक्ताची दरवर्षी परीक्षा करून या कर्करोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने कमी होतात, हे दाखविले. २०१० मध्ये ब्रिटनमधील सुमारे १ लक्ष ७० हजार व्यक्तींच्या चाचणीत ५५ ते ६४ या वयात एकदाच केलेल्या आतड्याच्या खालच्या भागाच्या लवचीक दर्शनाचाही लाभ सिद्ध झाला.

पुराव्याची वाट न पाहता लोकमत पुढे गेले होते. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वार्ताहर केटी कूरिक यांचे पती या रोगाने १९९८ मध्ये दिवंगत झाले. मार्च २००० मध्ये कूरिक यांनी स्वतःची तपासणी प्रेक्षकांना दाखविली व त्यानंतर बृहदांत्रदर्शनांच्या संख्येत वाढ नोंदविली गेली. २००१ मध्ये अमेरिकेतील वृद्धांच्या शासकीय विमायोजनेत सर्वसामान्य धोक्याच्या व्यक्तींसाठीही ही परीक्षा अंतर्भूत झाली. जर्मनीने २००२ पासून ती उपलब्ध करून दिली. ब्रिटनने मात्र २००६ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात मलपरीक्षा प्रथम व दोष आढळल्यासच बृहदांत्रदर्शन, असा क्रम ठेवला.

बृहदांत्रदर्शनाची पहिली मोठी यादृच्छिक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील सुमारे ८४,६०० व्यक्तींपैकी एक-तृतीयांश व्यक्तींना तपासणीचे निमंत्रण देण्यात आले. त्यांतील ४२ टक्केच प्रत्यक्ष आल्या. दहा वर्षांत कर्करोगाचे प्रमाण निमंत्रित गटात ०·९८ टक्के, तर इतर गटात १·२० टक्के होते. मृत्यूंतील फरक निर्णायक ठरला नाही. प्रत्यक्ष तपासणी करून घेणाऱ्यांत लाभ अधिक असल्याचा अंदाज गणिताने काढण्यात आला. या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. एका व्यक्तीच्या दृष्टीने धोका मुळातच लहान असतो व तपासणीने तो आणखी कमी होतो. समाजाच्या दृष्टीने मात्र निम्म्याहून अधिक लोक येत नसतील, तर उत्तम परीक्षेचाही उपयोग मर्यादित राहतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत मलपरीक्षेस बृहदांत्रदर्शनापेक्षा अधिक लोक आले व दहा वर्षांतील कर्करोग-मृत्यूंच्या बाबतीत मलपरीक्षेचे निमंत्रण बृहदांत्रदर्शनाच्या निमंत्रणापेक्षा कमी प्रभावी ठरले नाही.

शामकाविना तपासणी : लोक न येण्याच्या कारणांत भीती व लाज यांच्याबरोबर शामकाची व्यवस्था हेही एक कारण आहे. शामक घेतलेल्या व्यक्तीस त्या दिवशी वाहन चालविता येत नाही, तिला घरी नेण्यासाठी सोबतीचे माणूस लागते व कामाचा दिवस बुडतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धास सोबतीची अट ही तपासणीइतकीच मोठी अडचण ठरते.

नॉर्वेसारख्या देशात तपासणी शामकाविना सुरू करून गरज भासल्यासच औषध देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. तेथील संशोधनाने वेदना कमी करण्याचे अन्य मार्ग शोधले. हवेऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरल्यास तो आतड्यातून रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो व नंतरची पोटफुगी आणि कळा कमी होतात, हे मिकाएल ब्रेटहाउअर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले. अमेरिकेत लॉस अँजेल्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात फेलिक्स ल्यूंग यांनी वायूऐवजी कोमट पाणी सोडत उपकरण पुढे नेण्याची पद्धत विकसित केली. पाण्याने आतडे फार फुगत नाही व वळणे कमी तीव्र होतात. त्यामुळे शामकाविना अंधनालापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे पुढील चाचण्यांत आढळले. आतील वेटोळे पडद्यावर दाखविणारे चुंबकीय साधनही १९९० नंतरच्या दशकात तयार झाले.

वेदना आणि तिची आठवण यांतील फरकावर या परीक्षेनेच प्रकाश टाकला. टोराँटो येथील डॉनल्ड रेडलमायर व मानसशास्त्रज्ञ डॅन्येल कानेमान यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बृहदांत्रदर्शनाच्या १५४ रुग्णांनी तपासणी चालू असताना मिनिटामिनिटाला वेदनेचे मान सांगितले. तपासणीचा काळ काहींच्या बाबतीत चार मिनिटांचा, तर काहींच्या बाबतीत तासाहून अधिक होता. नंतरची आठवण मात्र एकूण काळावर अवलंबून नसून वेदनेच्या सर्वोच्च क्षणावर व अखेरच्या काही मिनिटांवर अवलंबून होती. २००३ मध्ये ६८२ रुग्णांवरील यादृच्छिक प्रयोगात काहींच्या बाबतीत तपासणी संपल्यावर उपकरणाचे टोक काही काळ गुदाशयात न हलविता ठेवण्यात आले. काळ वाढूनही या रुग्णांची आठवण सौम्य राहिली व पुढे पुन्हा तपासणीस येण्याचे प्रमाणही किंचित अधिक आढळले. तपासणीचा शेवट सावकाश व हळुवार करण्यास यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

शामकाविना तपासणी सुसह्य होण्यासाठी अनुभवाने काही गोष्टी उपयुक्त ठरल्या आहेत. कळ केव्हा येईल व ती किती काळ टिकेल, हे आधी सांगितल्यास भीती कमी होते. कळ येताच रुग्णाने तसे सांगणे हे तपासणाऱ्यासही मार्गदर्शक असते, कारण ती वेटोळ्याची सूचना असते. मंद व खोल श्वसन, कूस बदलणे, मदतनिसाने पोटावर हाताने दाब देणे आणि वायू संकोच न बाळगता सोडणे, यांनी ताण उतरतो. पडद्याकडे पाहण्याने काहींचे लक्ष वेदनेवरून हटते, तर काहींना ते नकोसे वाटते. शामक देता येईल अशी सुई आधीच हाताच्या नीलेत ठेवणे व रुग्णाने थांबण्यास सांगितल्यास त्वरित थांबणे, या दोन गोष्टींची खात्री असल्यास अनेकांना प्रत्यक्षात औषध लागत नाही. ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण रुग्णाने स्वतः हुंगण्याचा मध्यम मार्गही प्रचलित आहे. त्याचा परिणाम थोड्याच वेळात नाहीसा होतो.

शामकाविना तपासणी पूर्ण करणे हे धैर्याचे प्रमाणपत्र नव्हे व मध्येच औषध मागणे हा पराभव नव्हे. पूर्वीचा अनुभव फार वेदनादायक असेल, आतड्यास तीव्र दाह असेल, पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या असतील किंवा मोठा पॉलिप काढण्यासाठी दीर्घकाळ स्थिर राहावयाचे असेल, तर शामक घेणेच श्रेयस्कर ठरते. उलटपक्षी श्वसनाचे वा हृदयाचे गंभीर विकार असणाऱ्यांच्या बाबतीत शामकाचाच धोका अधिक असू शकतो.

निर्णयाचे घटक : मलावाटे रक्त जाणे, मलोत्सर्गाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, उतारवयात कारणाविना झालेला पांडुरोग, मलपरीक्षेत आढळलेले गुप्त रक्त तसेच आईवडील वा भावंडे यांना तरुण वयात झालेला बृहदांत्राचा कर्करोग, या परिस्थितीत तपासणी टाळण्यास सबळ कारण सहसा नसते. लक्षणे व कौटुंबिक इतिहास नसलेल्या व्यक्तीपुढे मात्र पर्याय असतात : ठराविक काळाने मलपरीक्षा, दीर्घ अंतराने बृहदांत्रदर्शन किंवा संगणकीय छेदचित्रण. अमेरिकेत २०२१ मध्ये या तपासण्यांचे आरंभवय ५० वरून ४५ वर आणण्याची शिफारस झाली, कारण तरुणांतील प्रमाण वाढत असल्याचे दिसून आले. वार्धक्यात इतर विकारांमुळे अपेक्षित आयुर्मान थोडे असेल, तर निरोगी व्यक्तीच्या तपासणीचा लाभ नाहीसा होतो. आतड्यास छिद्र पडणे व पॉलिप काढल्यानंतरचा रक्तस्राव हे उपद्रव विरळ असले, तरी संमती देण्यापूर्वी ते समजून घेणे आवश्यक असते. तपासणाऱ्याचा दर्जाही निर्णायक असतो. पोलंडमधील २०१० च्या अभ्यासात ग्रंथ्यर्बुदे शोधून काढण्याचे प्रमाण कमी असलेल्या वैद्यांच्या रुग्णांत नंतर कर्करोग उद्भवण्याचा संभव अधिक दिसला.

भारतातील स्थिती : भारतात बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. मुंबई येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या, देशातील पहिल्या लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीपासून ही माहिती पद्धतशीर रीतीने मिळू लागली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये आखलेल्या चाळणी-तपासणीच्या आराखड्यात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश असून बृहदांत्राचा नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ही परीक्षा मुख्यतः लक्षणे असलेल्या रुग्णांतच केली जाते. अंधनालालगतच्या आंत्रक्षयाचे निदान व क्रोन रोगापासून त्याचा भेद करणे, हा तिचा येथील एक महत्त्वाचा उपयोग होय. या भेदावर उपचार अवलंबून असतात, कारण क्रोन रोगात दिली जाणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयरोग्यास घातक ठरू शकतात.

येथील मुख्य प्रश्न निरोगी व्यक्तीच्या तपासणीचा नसून लक्षणांकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा आहे. मलावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. मूळव्याध असणे व त्याच वेळी आतड्यात वर अर्बुद असणे शक्य असते, म्हणून केवळ बाह्य परीक्षेवर विसंबून राहता येत नाही. तपासणीच्या वेदनेविषयीची ऐकीव भीती व शुद्धिहरणाचा खर्च ही विलंबाची आणखी दोन कारणे होत. ज्या रुग्णास शामकाविना तपासणीची शक्यता, तिच्यातील त्रासाचे खरे स्वरूप व मध्येच औषध मागण्याची मुभा स्पष्टपणे सांगितली जाते, त्याच्या बाबतीत या दोन्ही कारणांचा जोर कमी होतो. योग्य वेळी आढळलेला पॉलिप त्याच तपासणीत काढता येतो. तो वाढून कर्करोग झाल्यावर आढळला, तर आतड्याचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया व त्यापुढील उपचार करावे लागतात.